मोळीचं वजन कुणाच्या अंगावर?
कामाची रीत : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण फ्रेडरिक टेलरचा बेथलेहेम पोलाद कारखान्यातला प्रयोग पाहिला. १८९९ च्या सुमाराचा. एक मजूर ९२ पौंडांचे कच्च्या लोखंडाचे ठोकळे उचलून वाघिणीत टाकत असे आणि दिवसाला साडेबारा टन भरत असे. टेलरने त्याच्या कामाची आणि विश्रांतीची वेळ ठरवून दिली आणि तोच माणूस साडेसत्तेचाळीस टन भरू लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. म्हणजे काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. त्या लेखावर बऱ्याच वाचकांनी एकच प्रश्न विचारला: आपल्याकडे असं टनावर मोजलं जाणारं काम कोणतं? सातारा-सांगलीकडे त्याचं उत्तर शोधावं लागत नाही. गळीत हंगामात ते कृष्णाकाठच्या प्रत्येक शिवारात चालू असतं.

ऊसतोड. बीड, अहिल्यानगर, जत भागातून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमामार्फत उचल घेतलेली असते, आणि हिशेब होतो तो तोडलेल्या टनांवर. यशवंतनगरचा सह्याद्री, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांतिअग्रणी, कारखाना कोणताही असो, फडातली रीत थोड्याफार फरकाने एकच. आज या रीतीकडे कामाच्या अभ्यासकाच्या नजरेने बघू.

पहिली पायरी नोंद करण्याची. काय चाललं आहे ते कामाच्या जागी उभं राहून, क्रमाने लिहून काढायचं. उसाच्या फडात ते असं दिसतं. वाकून बुडाशी कोयता मारायचा. ऊस उचलून पाचट सोलायचं. शेंड्याचं वाढं तोडायचं. ऊस ओळीत टाकायचा. पुरेसे झाले की वाढ्याला पीळ देऊन मोळी बांधायची. मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जायचं, फळीवरून चढून ट्रॉलीत टाकायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं. एका उसाचं वजन सव्वा किलो धरलं तर टनाला आठशे ऊस होतात. एक जोडी दिवसाला दीड टन तोडते असं धरलं तर बाराशे ऊस झाले. ऊस दाट असेल तर एका वाकण्यात दोन-तीन तुटतात, तरी वाकणी शेकड्यांनीच मोजावी लागतात.

दुसरी पायरी प्रश्नांची. हे का करतात? इथेच का? आत्ताच का? यानेच का? असंच का? यातला ‘का’ मनापासून विचारला तर उत्तरं नेहमी आळस किंवा अडाणीपणा यांच्या पलीकडची निघतात. ऊस जमिनीलगतच का तोडायचा? कारण साखर बुडख्यात जास्त असते. वर खोड राहिलं की शेतकऱ्याचं वजन जातं, कारखान्याचा उतारा जातो आणि खोडवाही नीट फुटत नाही. म्हणजे मजुराचं पुरतं वाकणं पिकाच्या स्वभावातून आलं आहे. लांब दांड्याचा कोयता द्या, असा सल्ला शहरात बसून देणं सोपं आहे. दाटीच्या फडात, पाचटातून, जमिनीला टेकवून घाव घालायचा तर लांब दांड्याला फिरायला जागाच नसते.

वाकण्याची किंमत किती? ढोबळ हिशेब करू. ५० किलो वजनाच्या बाईच्या कमरेवरच्या भागाचं, डोकं आणि हात धरून, वजन साधारण ३० किलो असतं. ती पुरती वाकली की हे वजन कमरेच्या मणक्यापासून पंचवीसेक सेंटिमीटर पुढे येतं. ते पेलणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यामागे पाचच सेंटिमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्यांना पाचपट, म्हणजे १५० किलोंचा ताण द्यावा लागतो. हातात कोयतासुद्धा नसतानाचा हा आकडा आहे. टेलरच्या घड्याळात तो दिसत नाही.

तो दिसला टेलरच्याच काळातल्या फ्रँक गिलब्रेथला. गिलब्रेथने स्वतः हातात थापी धरून गवंडीकाम शिकलेलं होतं. गवंडी प्रत्येक विटेसाठी खाली वाकतो, म्हणजे अडीच किलोच्या विटेबरोबर स्वतःचं अर्धं अंग उचलतो, हे त्याने हेरलं. विटा आणि मसाला कमरेच्या उंचीवर राहतील अशी, भिंतीबरोबर वर सरकणारी परांची त्याने बनवली. विटा आधीच नीट रचून ठेवण्याचं काम वेगळ्या मजुराकडे दिलं. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचावर आल्या आणि तासाला १२० विटांऐवजी ३५० विटा लागू लागल्या. पुढे त्याची पत्नी लिलियन गिलब्रेथ हिने थकव्याचा अभ्यास हाच आपला विषय केला. टेलर आणि गिलब्रेथ यांची नावं पाठ्यपुस्तकात जोडीने येतात, पण माझ्या मते दोघांत मोठं अंतर आहे. टेलरने माणसाकडून जास्त ओझं उचलून घेतलं, गिलब्रेथने आधी ओझं काढून टाकलं.

आता फडात परत येऊ आणि मोळीकडे बघू. डोक्यावर चुंबळ ठेवून सरळ चालणं हे वाकून उचलण्यापेक्षा कण्याला सोसणारं आहे, कारण वजन मणक्याच्या रेषेत उतरतं. अडचण फळीवर सुरू होते. फळी अरुंद, पायाखाली पाचट, आणि ट्रॉली भरत जाईल तशी चढण उंच होत जाते. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेने उचलण्याच्या कामासाठी १९९१ साली सुधारलेलं सूत्र २३ किलोपासून सुरू होतं. तेही वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता, अधूनमधूनच उचलायचं असेल तर. उंची वाढली, फेऱ्या वाढल्या, की मर्यादा खाली येत जाते. तीस किलोची मोळी त्या सूत्राच्या सुरुवातीलाच बाहेर पडते.

मग मोळी लहान करा? इथे थांबून हिशेब करावा लागतो. दीड टनाला ३० किलोच्या ५० मोळ्या होतात. वीस किलोच्या केल्या तर ७५. पण फळीवर मोळी एकटी चढत नाही, पन्नास किलोची बाईही चढते. पन्नास फेऱ्यांत ८० किलो म्हणजे एकूण ४,००० किलो वर गेले. पंचाहत्तर फेऱ्यांत ७० किलो म्हणजे ५,२५०. मान आणि गुडघ्यावरचा एकेका वेळचा भार कमी झाला, पण दिवसाची दमणूक वाढली. टनावर मजुरी असलेल्या टोळीला मोळी लहान करायला सांगितलं तर ती ऐकत नाही, यामागे हे शहाणपण आहे.

खरी सुधारणा चढणाऱ्याला चढण्यापासून सोडवण्यात आहे. एक माणूस वर थांबला आणि मोळ्या दोराने वर ओढल्या तर माणसाचं वजन पंचाहत्तर वेळा वर न्यावं लागत नाही. ट्रॅक्टर तिथे उभाच असतो, त्याच्या जोरावर साधं दोर गुंडाळणारं यंत्र चालू शकतं. त्याहून स्वस्त उपाय जमिनीतच आहे. आपल्याकडची शेतं पायरीपायरीची. ट्रॉली खालच्या वावरात बांधाला लावून उभी केली तर बांधाची उंची फुकट मिळते आणि फळी जवळजवळ आडवी होते. त्यासाठी गाडी कुठे लावायची हे तोड सुरू होण्याआधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना टोळीतल्या बायकांना विचारावं लागतं.

बैलगाडीत मोळ्या भरणं ट्रॉलीपेक्षा सोपं, कारण तिचा साटा बुटका. पण ओझं तिथे बैलांच्या मानेवर जातं. दोन चाकांच्या गाडीत भार आसाच्या पुढे पडला की गाडी धुरजड होते आणि जू मानेवर दाबतं. मागे पडला की ती उलाळ होते आणि जुपणी गळ्याशी ताणते. टायरगाडीत वजन जास्त बसतं, त्यामुळे दोन्ही दोष वाढतात. २०२२ साली वाळवा तालुक्यातल्या साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी यावर ‘सारथी’ नावाचा प्रकल्प केला. दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली, टेकू देणारं एक छोटं चाक. मानेवरचा भार ते जमिनीवर उतरवतं आणि बैलांच्या उंचीप्रमाणे खालीवर करता येतं. कारखान्याच्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे या मुलांनी प्रश्न विचारून पाहिलं, याचा मला फार आनंद वाटतो. हीच नजर कोयत्याकडे आणि फळीकडे वळावी.

जनावरांच्या ओझ्यासाठी आपल्याकडे १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. बैल लहान की मोठा, चाक कसलं, यावर वजनाची मर्यादा ठरते. माणसांसाठी २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाने कायद्यातलं ३४ वं कलम होतं: इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नये. पण ते कारखान्याच्या गव्हाणीपाशी लागू होतं, फडात नाही. मुंबईच्या बाजारपेठांतल्या माथाड्यांसाठी वेगळा कायदा १९६९ साली झाला. त्यामागचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि त्यांच्याबरोबरचे कितीतरी माथाडी साताऱ्याच्या डोंगरातले. पाठीवर पोती वाहणाऱ्यांना ओळख आणि संरक्षण मिळवून देणाऱ्या जिल्ह्यात मोळी वाहणारीचा विचार परका वाटायला नको.

तोडणी यंत्र आलं की प्रश्न मिटेल, असं म्हणणारे आहेत. यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, मोठं सलग रान लागतं आणि उभा ऊस लागतो. आपल्याकडचा सोळा-अठरा महिन्यांचा आडसाली ऊस उंच आणि वजनदार, वळवाच्या किंवा परतीच्या पावसात लोळणारा. त्यात गुंठ्यांत वाटलेली रानं. यंत्रं वाढतीलच, पण लोळलेला आणि अडचणीतला ऊस कोयत्याकडेच येईल, म्हणजे कोयत्याचं काम आणखी अवघड होईल.

आणि थकव्याचा हिशेब फडात संपत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणं अनेक आहेत आणि ती एकट्या मोळीच्या माथी मारता येणार नाहीत. मात्र एक दिवस आजारी पडलं तर खाडा धरून पैसे कापले जातात, फडावर आडोसा नसतो आणि पाणी लांब असतं, अशा ठिकाणी विश्रांती ही कामाच्या रीतीचा भाग म्हणून कुणी आखलेलीच नाही. टेलरनेसुद्धा आपल्या मजुराच्या दिवसात ती आखली होती.

कारखान्यांच्या शेती विभागांनी येत्या हंगामात एकच गोष्ट करून बघावी. एक टोळी, एक फड, आठवडाभर नोंद. किती वाकणी, किती फेऱ्या, फळीची उंची किती, गाडीची वाट बघण्यात किती वेळ गेला. माझा अंदाज असा की सगळ्यात मोठा आकडा वाट बघण्याचा निघेल, आणि तो कमी करायला ना यंत्र लागतं ना पैसा. गाड्यांचं वेळापत्रक कसं बसवायचं, ते पुढच्या लेखांकात.