मधली आठ वर्षं

अमेरिकन गायिका टीना टर्नरची गोष्ट बहुतेक वेळा दोनच प्रसंगांत आटोपली जाते. जुलै १९७६ : डॅलसच्या हॉटेलात नवरा झोपलेला असताना ती रक्ताळलेल्या कपड्यांनिशी बाहेर पडते, भरधाव महामार्ग ओलांडून दुसऱ्या हॉटेलात आसरा मागते, जवळ ३६ सेंट आणि पेट्रोलपंपाचं एक कार्ड. सप्टेंबर १९८४ : तिचं ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचतं. मला या दोन तारखांमधली आठ वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. तिची पुढची सगळी कारकीर्द त्यांच्यावर उभी आहे.

ती वर्षं समजायची तर तिच्या नावापासून सुरुवात करावी लागते. २६ नोव्हेंबर १९३९ ला जन्मलेली ॲना मे बुलक टेनेसीच्या कापूसपट्ट्यातल्या नटबुशमध्ये वाढली. आधी आई सोडून गेली, मग वडील. गळा चर्चमध्ये घडला. सेंट लुईसजवळच्या क्लबात आईक टर्नरच्या बँडच्या मध्यंतरात तिनं माइक हातात घेतला आणि ती त्या बँडचीच झाली. १९६० साली ठरलेला गायक आला नाही म्हणून ‘अ फूल इन लव्ह’ तिनं गायलं आणि ते गाजलं. आईकनं तिला न विचारता ‘टीना टर्नर’ करून टाकलं आणि नावाची नोंदणी स्वतःकडे ठेवली. हिशेब सरळ होता : ही गेली तर त्याच नावानं दुसरी उभी करता येईल. आईकशी लग्न त्यानंतर, १९६२ मध्ये झालं. मारहाण होतीच, पैशाचा व्यवहारही सगळा त्याच्या हाती. १९६८ मध्ये तिनं जीव द्यायचाही प्रयत्न केला.

१९७८ च्या घटस्फोटात तिनं मिळकतीवरचे हक्क सोडले. पदरात पडल्या दोन गाड्या आणि तेच नाव. याला कुणी त्याग म्हणतं. मला तो एका कसबी बाईचा व्यवहार वाटतो. त्या नावाला जी किंमत होती, ती तिच्याच घामाची होती, आणि यापुढे पोट भरायचं ते त्याच नावावर.

आणि देणी तर दारात उभी होती. ती निघून गेल्यानं जे कार्यक्रम रद्द झाले, त्यांच्या भरपाईचा बोजा तिच्यावर आला. काही काळ सरकारी अन्नकुपनांवर घर चाललं. मग ती हॉटेलांच्या सभागृहात गायली, जेवणाऱ्या लोकांसमोर नाचली, दूरचित्रवाणीवरच्या खेळांत पाहुणी म्हणून बसली. ‘रफ’ आणि ‘लव्ह एक्स्प्लोजन’ हे दोन अल्बम आपटले. १९७९ मध्ये ती वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतही गायली. कर्ज कितीही असलं तरी हा निर्णय मला पटत नाही. पण तिनं या काळात एकही कार्यक्रम हलका घेतला नाही, आणि पुढे तेच कामी आलं.

रॉजर डेव्हिस या नव्या व्यवस्थापकानं हॉटेली थाट काढून टाकला. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या रिट्झ क्लबात गायक डेव्हिड बोई आपल्याबरोबर रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना तिचं गाणं ऐकायला घेऊन आला. त्याच वर्षी लंडनमध्ये केलेलं ‘लेट्स स्टे टुगेदर’ चाललं, आणि ‘प्रायव्हेट डान्सर’ हा अल्बम काही आठवड्यांत उरकला गेला. पहिल्या क्रमांकाचं ते गाणं तिला आधी आवडलंच नव्हतं. तेव्हा ती ४४ वर्षांची होती. १९८८ च्या जानेवारीत रिओच्या माराकाना मैदानावर तिला ऐकायला १ लाख ८० हजारांवर माणसं जमली.

एक काच मात्र सुटला नाही. आईकबद्दलचे प्रश्न एकदाचे संपावेत म्हणून १९८१ मध्ये तिनं एका साप्ताहिकाला सगळं सांगितलं. प्रश्न वाढले. १९८६ चं आत्मचरित्र आलं, १९९३ चा चित्रपट आला, आणि दर मुलाखतीत तीच जखम पुन्हा उघडी केली गेली. ज्या बाईनं स्वतःला पुन्हा घडवलं, तिला तिच्या कामाबद्दल इतकं कमी विचारलं जावं, याचा मला राग येतो.

या सगळ्यात आधार होता तो बौद्ध उपासनेचा. आईकच्या घरात असतानाच ती जपानच्या निचिरेन परंपरेतला जप शिकली होती. हा जप मूळ संस्कृतातल्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा. उतारवयात ती स्वित्झर्लंडमधल्या ‘बियाँड’ या सर्वधर्मीय संगीतप्रकल्पात गायली, ज्यात पुण्याच्या सावनी शेंडे-साठ्येही होत्या. संस्कृत स्वस्तिमंत्र म्हणतानाचा तिचा व्हिडिओ आपल्याकडे फोनाफोनी फिरतो. त्याचं कौतुक करताना, या बाईनं हलाखीच्या दिवसांत रोज बसून जप केला होता, हेही माहीत असावं.

२०१३ मध्ये तिनं दीर्घकाळचा जोडीदार एर्विन बाखशी लग्न केलं. तीन आठवड्यांत पक्षाघात, २०१६ मध्ये आतड्याचा कर्करोग, मग मूत्रपिंडं निकामी. २०१७ मध्ये एर्विननं स्वतःचं मूत्रपिंड दिलं. मूत्रपिंडांच्या दुखण्याच्या मुळाशी होता उच्च रक्तदाब, आणि त्याचं निदान झालं होतं १९७८ साली, ऐन घटस्फोटाच्या आणि देण्यांच्या वर्षी. तेव्हा तिनं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे गोळ्या सोडून होमिओपॅथीचाही मार्ग धरला. मार्च २०२३ मध्ये, जागतिक मूत्रपिंड दिनी, तिनं जाहीरपणे लिहिलं की रोजचं औषध जन्मभर घ्यावं लागेल हे न स्वीकारून आपण स्वतःला मोठ्या धोक्यात घातलं. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २४ मे रोजी, झुरिकजवळच्या घरी ८३ व्या वर्षी ती गेली.