तारेची मींड आणि अंकांची भाषा

गेल्या श्रावणांत एके सायंकाळीं आम्ही देवघरांतून बाहेर येतों तों माजघरांतून बासरीचे सूर ऐकूं आले. आमच्या घरांत बासरी वाजविणारें कोणी नाहीं. कुतूहलानें डोकावून पाहिलें, तो आमचा अकरावींत शिकणारा नातू मांडीवर गिटार घेऊन बसलेला! तो तार छेडी आणि शेजारच्या लहानशा पेटींतून बासरी निघे. एक कळ दाबतांच त्याच तारेची सतार होई, पुन्हां कळ दाबतां ऑर्गन. आम्ही कांहींशा तिखट स्वरांत म्हणालों, "अरे, गिटार हातांत आणि बासरी कानांत! हें वादन कीं बहुरूप्याचें सोंग?"

तो हंसून म्हणाला, "आजोबा, गिटार इथें बासरी वाजवत नाहीं. ती फक्त सांगते, कोणता स्वर, केव्हां आणि किती जोरानें. वाजवणारें यंत्र निराळें."

पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविल्यावर नातवाकडून धडा घेण्याचा योग आला म्हणून आम्हांस वाईट वाटलें नाहीं. उलट त्या उत्तरानें आम्ही विचारांत पडलों. सांगणें निराळें आणि वाजणें निराळें, हें आपणांस नवें नाहीं. पंडित भातखंडे यांनीं शेंकडों चिजा स्वरलिपींत लिहून ठेविल्या. त्या कागदांतून नाद निघत नाहीं. नाद निघतो तो ती लिपि वाचणाऱ्याच्या गळ्यांतून. 'मिडी' म्हणून जी व्यवस्था आहे, ती अशीच एक स्वरलिपि होय. भेद इतकाच कीं ती कागदावर न लिहितां वादनाच्या क्षणींच तारेंतून धांवते, आणि तिचा वाचक यंत्र असतें.

या लिपीचा जन्म ठाऊक असलेला बरा. पूर्वीं एका कारखान्याच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची भाषा दुसऱ्या कारखान्याच्या वाद्यास सहसा कळत नसे. तथापि वाद्यें जोडण्याची हौस त्यापूर्वींचीच. आपल्या मुंबईंत, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें हाताशीं घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. ती त्या काळीं फारशी कोणी विचारली नाहीं. २०१० सालीं युरोपांत ती पुन्हां निघाली, तेव्हां मात्र जाणकार चकित झाले. चरणजित सिंग २०१५ सालीं निवर्तले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेनंतर लगेच, जानेवारी १९८३ मध्यें, अमेरिकेंतील एका वाद्यप्रदर्शनांत एक अमेरिकन आणि एक जपानी वाद्य एका तारेनें जोडण्यांत आलें आणि एकावर दाबलेली पट्टी दुसऱ्यावर वाजली. या सामाईक भाषेसाठीं झटणारे डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांना २०१३ सालीं ग्रॅमी संस्थेनें गौरविलें.

भाषा अगदीं सोपी आहे. प्रत्येक स्वरासाठीं तीन अंक जातात: कोणत्या वाटेनें जावयाचें, कोणता स्वर, आणि आघात किती जोराचा. स्वरांस ० ते १२७ असे क्रमांक आहेत. पियानोच्या मध्यभागचा 'सी' हा ६० वा, तर गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर तिचा ४० वा. तिन्ही अंक मिळून प्रवासास एका सेकंदाचा सुमारें हजारावा भाग लागतो. पट्टीच्या वाद्यास हें सर्व सुकर, कारण पट्टी म्हणजे एक बटणच.

तारेचें तसें नाहीं. तार आपला क्रमांक सांगत नाहीं. ती कंप पावते, आणि त्या कंपावरून यंत्रानें स्वर ओळखावयाचा. म्हणून घोडीजवळ एक पट्टी बसवितात. तींत प्रत्येक पोलादी तारेखालीं स्वतंत्र चुंबक आणि वेटोळें असतें. जाड तारेचे कंप सेकंदास सुमारें ८२. एक पुरा कंप पाहिल्याखेरीज स्वर ठरत नाहीं, आणि त्या एका कंपासच सेकंदाचा ८२ वा भाग जातो. बारीक तारेचे कंप सुमारें ३३०. ती चौपट लवकर ओळखली जाते. खालच्या स्वरांत उत्तर किंचित् उशिरां येतें, असें नातू म्हणतो तें याच कारणानें. हा दोष कारागिराचा नव्हे, निसर्गाचा.

परंतु आमची खरी शंका दुसरी होती. क्रमांकांचे स्वर म्हणजे पेटीचेच स्वर. दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्यांत नाहीं. याच कारणास्तव १९४० पासून सुमारें तीन दशकें रेडिओनें हार्मोनियमला दार बंद ठेविलें होतें. मग मींड कोठें राहिली?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आम्हांस आमच्याच गांवाच्या पायथ्याशीं जावें लागलें. छत्रपति संभाजीनगराहून पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. तीच पूर्वींची देवगिरि. तेराव्या शतकांत यादव राजा सिंघण याच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचिला. हा ग्रंथकार राजाच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. श्रुति बावीस, हें दाखविण्यासाठीं त्यानें बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या: एक ध्रुव, म्हणजे अचल, दुसरी चल, जिच्या तारा श्रुतिश्रुतीनें उतरवावयाच्या. अचल वीणेशीं ताडून पाहिल्यानें चल वीणेचें अंतर मोजतां येतें.

शार्ङ्गदेवानें मिडी आधींच जाणली होती, असें म्हणण्याचा मूर्खपणा आम्ही करणार नाहीं. पण साम्य पाहून मौज वाटते. मिडींत स्वराचा क्रमांक हा ध्रुव, आणि त्यासोबत जाणारा 'वांक' हा चल. तार आडवी ओढली कीं यंत्र नवा क्रमांक न धाडतां मूळ स्वर किती सरकला तें कळवितें. या वांकाच्या पायऱ्या १६,३८४ आहेत, आणि त्या बहुधा खालीं दोन व वर दोन अर्धस्वरांत वांटलेल्या असतात. सर्वांत लहान श्रुतीचें अंतर अर्धस्वराच्या पंचमांशाहून थोडें अधिक धरिलें, तर त्यांत सुमारें नऊशें पायऱ्या येतात. शिवाय सोळा वाटांपैकीं सहा वाटा सहा तारांस दिल्या म्हणजे एका तारेची मींड दुसरीस ओढीत नाहीं. तेव्हां अंकांत सूक्ष्मता नाहीं हा आमचा आक्षेप टिकला नाहीं. प्रश्न उरला तो अंक धाडणाऱ्या हाताचा.

त्याची परीक्षा आम्ही घेतली. यमनांत रिषभावरून गंधारावर मींड घे, म्हणून नातवास सांगितलें. बासरीच्या आवाजांत ती मोठी गोड उमटली. पण मधूनच एक परका स्वर चिरकला. आम्ही विजयी मुद्रेनें म्हणालों, "पाहिलेंस? यंत्र तें यंत्रच."

त्याचें तोंड उतरलें. "यंत्र नाहीं चुकलें, आजोबा. माझें बोट शेजारच्या तारेला लागलें. साध्या गिटारीवर तें झांकून जातें. ही पेटी झांकत नाहीं." मग संगणकाच्या पडद्यावर त्यानें तो स्वर आम्हांस दाखविला, लांब रेघांमध्यें एक बारीक ठिपका. "एक कळ दाबली कीं जाईल. पुसूं?"

जन्मभर मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईनें खुणा केल्या, त्या चुका पुसाव्या म्हणून नव्हे, दिसाव्या म्हणून. आम्ही म्हणालों, "पुसूं नकोस. पुन्हां वाजव."

त्यानें पुन्हां वाजविलें. पुढें पंधरा दिवस तीच मींड. आमच्या मतें या वाद्याचा गुण आणि धोका एकाच ठिकाणीं आहे. हातांतील मळ तें स्पष्ट दाखवितें, आणि मागाहून तो मळ न काढतां चित्र स्वच्छ करण्याची सोयही देतें. ज्या घरीं मुलें असें वाद्य मागतील, त्या घरच्या वडील मंडळींनीं खर्चाचा विचार अवश्य करावा. पण तारा सुरांत लावणें आणि नको ती तार बोटानें दाबून मुकी ठेवणें, हीं दोन कामें आधीं साध्या गिटारीवर साधून घ्यावीं. तीं साधलीं कीं यंत्र हातास मदत करील. न साधलीं तर पुसण्याचीच संवय लागेल.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या चिरंजीवांनीं दहावीच्या सुटींत गिटार मागितली होती. अभ्यासाचें निमित्त सांगून आम्हीं ती नाकारिली. पुन्हां त्यांनीं ती मागितली नाहीं. मुलाची गिटार त्यांनींच आणिली, हें आम्हांस सूनबाईंकडून मागाहून कळलें. पंधराव्या दिवशीं ती मींड निर्मळ उतरली, तेव्हां चिरंजीव दाराशीं उभे होते. आम्ही नातवास इतकेंच म्हणालों, "आतां बाबांना बसूं दे. पहिली तार कशी छेडावी तें त्यांना दाखव."