डिग्रीचे नाव नको, हिशेब पाहा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत मामू, चाचू, शेजारी सगळेच सल्लागार होतात. कुणी इंजिनीअरिंग म्हणतो, कुणी फार्मसी. आम्ही मात्र आधी एवढेच विचारतो : पहिली कमाई घरात कधी येईल, आणि तोवरचा खर्च कोण सोसणार?

वाणिज्य शाखा आपल्याकडे उगाच हलकी समजली जाते. जळगावच्या डाळमिल, चटईचे कारखाने आणि सराफ बाजार असो की धुळ्याचे यंत्रमाग, जीएसटीचे काम जाणणारा माणूस प्रत्येकाला लागतो. बी.कॉम.ची फी कमी, मूल घरी राहून शिकते. नुसत्या बी.कॉम.ला भाव नाही, हे खरे. पण सोबत सीए फाउंडेशन दिले तर पुढे दोन वर्षांच्या आर्टिकलशिपमध्ये स्टायपेंड मिळतो, शिकता शिकता हातात चार पैसे येतात. परीक्षा कठीण आहे, निकाल कमी लागतो. जिद्द नसेल तर या वाटेला जाऊ नये.

फार्मसीत दोन वर्षांचा डी.फार्म. किंवा चार वर्षांचा बी.फार्म. डी.फार्म. करून बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. मात्र मेडिकलच्या काउंटरवर नोकरी करणाऱ्याचा पगार आणि स्वतःचे दुकान असणाऱ्याची कमाई, यांत मोठा फरक आहे. दुकानाला भांडवल लागते, तेही याच हिशेबात धरा. इंजिनीअरिंगसाठी दहावीनंतर पॉलिटेक्निकची वाटही आहे. तीन वर्षांत डिप्लोमा हाती येतो, नोकरी नाही मिळाली तर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. उर्दू माध्यमाच्या मुलांनी एक ध्यानात ठेवावे : सीईटीत गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. अकरावीपासूनच गणित इंग्रजीत सोडवायची सवय लावा.

आता मुलींविषयी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अट अशी की कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटातली हवी आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यात घाईने पैसे भरले की ही सवलत गेली. व्याज नको म्हणून शैक्षणिक कर्ज टाळणाऱ्या घरांना तर ती फारच मोलाची आहे.

पण घोडे अडते ते कागदांवर. बागवान, पिंजारी, मोमीन अशा ओबीसी बिरादऱ्यांना जात पडताळणीसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तडवी बांधवांना १९५० पूर्वीचा. आजोबांच्या दाखल्यावर नुसते 'मुसलमान' लिहिलेले निघाले की धावपळ सुरू होते. मग शाळेचे जुने रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, चुलत आजोबांचा दाखला, असे धुंडाळत बसावे लागते. त्यात महिने जातात आणि प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही. म्हणून मूल अकरावीत जाताच अर्ज करा. दादाजान ज्या शाळेत शिकले ती गावी असेल, तर येत्या सुटीत तिथे एक चक्कर मारून या. जाताना त्यांचे पूर्ण नाव आणि शाळा सोडल्याचे साल लिहून न्या.