पक्षादेश, आवाजी मतदान आणि आमदाराचे मत

कसारा मार्गावरील आटगाव स्थानकाच्या परिसरातील मतदार अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या शहापूर मतदारसंघातून आमदार निवडतात, तर शेजारच्या तालुक्यातील मतदार मुरबाडमधून. परंतु हे आमदार विधानसभेत किती वेळा आपल्या पक्षासोबत मत देतात, या साध्या प्रश्नाचे आकड्यांतील उत्तर दोन्हीकडच्या मतदारांना सहजासहजी मिळत नाही.

याचे पहिले कारण मतदानाच्या पद्धतीत आहे. विधानसभेतील बहुतेक विधेयके आणि प्रस्ताव आवाजी मतदानाने निकालात निघतात, म्हणजे अध्यक्ष बाजूचा व विरोधाचा आवाज ऐकून बहुमत कोठे आहे ते जाहीर करतात आणि कोणत्या सदस्याने काय म्हटले याची नावनिशीवार नोंद राहत नाही. 12 नोव्हेंबर 2014 रोजी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावही असाच मंजूर झाला आणि मतविभागणीची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. राष्ट्रवादी काँग्रेसने त्या सरकारला बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला असल्यामुळे, त्या पक्षाचे तत्कालीन शहापूरचे आमदार पांडुरंग बरोरा यांचे मत कोणते होते, हा प्रश्न रास्त ठरतो; पण अशा मतदानातून त्याचे उत्तर मिळू शकत नाही. याउलट 4 जुलै 2022 रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली, सदस्य एकेक करून उभे राहिले आणि 164 विरुद्ध 99 असा निकाल सर्वांसमोर लागला.

दुसरे कारण कायद्यात आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार, पक्षाचा प्रतोद जो आदेश काढतो, ज्याला व्हीप म्हणतात, त्याविरुद्ध पूर्वपरवानगीशिवाय मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य, पक्षाने पंधरा दिवसांत माफ न केल्यास, अपात्र ठरू शकतो. अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिल्याने सदस्यत्व जात नाही, त्यामुळे तेथे प्रत्येक सदस्याच्या पक्षनिष्ठेची टक्केवारी काढण्यात अर्थ असतो. आपल्याकडे आमदारकीच पणाला लागत असल्याने असा आकडा काढलाच तर तो शंभराच्या आसपास जाईल आणि निष्ठेपेक्षा धाकाचेच माप देईल. या बंधनाची व्याप्ती विश्वासदर्शक मतदान आणि पक्षाच्या मूलभूत धोरणांपुरती राहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या किहोतो होलोहान खटल्यात सुचवले होते. तरी आदेश कशावर काढायचा हे आजही पक्षच ठरवतो.

मतभेदाला मतदानात वाट न मिळाल्याने तो पक्षांतरातून बाहेर पडतो. शहापुरात 2009 मध्ये शिवसेनेतर्फे दौलत दरोडा आणि 2014 मध्ये राष्ट्रवादीतर्फे बरोरा निवडून आले. 2019 मध्ये बरोरा आमदारकीचा राजीनामा देऊन शिवसेनेत गेले, दरोडा राष्ट्रवादीत आले आणि तेच दोघे पक्षांची अदलाबदल करून पुन्हा समोरासमोर उभे ठाकले, त्यात दरोडा विजयी झाले. मुरबाडमध्ये किसन कथोरे 2009 मध्ये राष्ट्रवादीतर्फे, तर 2014 पासून भारतीय जनता पक्षातर्फे निवडून येत आहेत. 2022 व 2023 मध्ये तर शिवसेना आणि राष्ट्रवादी हे पक्षच दुभंगले, खरा पक्ष कोणता व व्हीप कोणाचा हाच वाद झाला आणि 2024 च्या आरंभी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी दोन्ही प्रकरणांत एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. सभागृहात एका मताने पक्षाविरुद्ध जाणे जोखमीचे, पण गटाने पक्षच बदलणे निभावून जाणारे, असा हा उलटा न्याय आहे.

भातसा, तानसा व मोडकसागर ही धरणे मुंबईची तहान भागवत असताना ज्या शहापूर तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील आमदाराला पक्षाच्या भूमिकेपेक्षा वेगळे मत असणे स्वाभाविक आहे. सरकार टिकण्याचा प्रश्न नसलेल्या विधेयकांवर व्हीप नसावा आणि प्रत्येक महत्त्वाच्या मतदानाची नावानिशी नोंद प्रसिद्ध व्हावी, या दोन सुधारणा झाल्याशिवाय आमदाराच्या मताचा हिशेब मागण्याचा मतदाराचा अधिकार कागदावरच राहील. तोपर्यंत मतदारांनी निदान आपल्या आमदाराचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि भाषणे विधिमंडळाच्या कामकाजातून तपासावीत, कारण त्यांवर आमदाराचे नाव असते.