यकृतातल्या प्रतिकारक पेशी वेगळ्या कशा काढतात?

आतड्यांकडून आलेलं रक्त शरीरभर फिरण्याआधी यकृतातून जातं. म्हणूनच तिथं प्रतिकारक पेशींचा कायमचा मुक्काम असतो. त्या मोजायच्या तर आधी रक्त धुऊन काढायला हवं. उंदराच्या पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेत, सलाइन सोडलं की गडद तांबूस यकृत बघता बघता फिकट पडतं. ही पायरी टाळली, तर रक्तातून वाहणाऱ्या पेशीच यकृताच्या म्हणून मोजल्या जातात.

लिम्फोसाइट पेशी ऊतक नुसतं चाळणीतून दाबून गाळलं तरी बऱ्याच सुटतात. कुफर पेशींचं, म्हणजे यकृतातल्या भक्षक पेशींचं, तसं नाही. कार्ल फॉन कुफर यांनी १८७६ मध्ये वर्णिलेल्या या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना घट्ट धरून असतात. त्यांच्यासाठी कोलॅजिनेज हे विकर ३७ अंश सेल्सिअसला वापरतात. ते जास्त वेळ राहिलं, तर पेशींवरची ओळखीची प्रथिनंही कुरतडली जातात. माझ्या मते साऱ्या प्रयोगातला सर्वांत नाजूक टप्पा हाच.

मग सेंट्रिफ्यूज मंद फिरवून जड यकृतपेशी तळाशी बसवतात. वरच्या द्रवातल्या पेशी पर्कोल या द्रावणाच्या वेगवेगळ्या घनतेच्या थरांतून वेगळ्या होतात. पेशी एकेक करून तपासणारं फ्लो सायटोमीटर हे यंत्र त्यांतल्या सीडी४५ हे प्रतिकारक पेशींचं ओळखीचं प्रथिन असलेल्या पेशी टिपतं. मृत पेशी मात्र आधी रंगानं ओळखून वगळायच्या.

उंदराच्या यकृतात एनकेटी या प्रकारच्या टी-पेशी भरपूर, माणसाच्या यकृतात त्या थोड्या आणि मेट या दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशी जास्त. त्यामुळे मानवी नमुन्यांना पर्याय नाही. प्रत्यारोपणाआधी दात्याचं यकृत ज्या द्रवानं धुतात, त्या द्रवातूनही अशा पेशी मिळतात.