अरुणाचलाच्या पायथ्याशीं चार दिवस

‘मी कोण?’ असा प्रश्न केला तर आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थाला वेदान्तांतलें उत्तर बहुधा पाठ असतें. मलाही होतें. तें बरोबर घेऊनच मी तामिळनाडूंतील तिरुवण्णामलै येथें रमणाश्रमांत चार दिवस राहावयास गेलों. आणि पहिल्याच दिवशीं ध्यानांत आलें कीं, पाठ केलेल्या उत्तराला तेथें कांहींच किंमत नाहीं.

अरुणाचल हा सुमारें ८०० मीटर उंचीचा खडकाळ डोंगर. शैवांच्या पंचमहाभूतलिंगांपैकीं तेजोलिंग येथलें. १८९६ च्या जुलैंत मदुरेस वेंकटरामन नांवाच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला एकाएकीं मृत्युभयानें घेरलें. देह मेला तर ‘मी’ही मरतो काय, हें त्यानें प्रेतासारखें निश्चल पडून तपासून पाहिलें, आणि १ सप्टेंबर रोजीं तो या डोंगराशीं आला. १९५० च्या एप्रिलांत देह ठेवीपर्यंत त्यानें हें स्थान सोडलें नाहीं. हेच रमण महर्षि.

साधनाशिबिर म्हटलें कीं घंटा आणि प्रवचनें डोळ्यांपुढें येतात. येथें तसें कांहीं नाहीं. राहण्याची परवानगी आधीं मागावी लागते, एवढेंच. पंगत जमिनीवर बसते, सायंकाळीं वेदपठण होतें. बाकी वेळ आपला आपण घालवावा. महर्षि ज्या जुन्या दालनांत बसत तेथें वाटेल त्यानें बसावें. गुडघे दुखणाऱ्यानें भिंतीला टेकावें. कोणी हसत नाहीं.

आत्मविचाराची रीत सांगावयास सोपी आहे. विचार उठला कीं त्याच्या मागें न जातां तो कोणाला उठला, हें पाहावयाचें. ‘मला’ असें कळतें. मग हा ‘मी’ कोठून उठतो, तिकडे लक्ष वळवावयाचें. ‘मी ब्रह्म आहें’ असें घोकणें म्हणजे आत्मविचार नव्हे. तो आणखी एक विचारच झाला.

तिसऱ्या दिवशीं मी डोंगरावरील विरूपाक्ष गुहेंत बसलों होतों. १८९९ ते १९१६ पर्यंत महर्षि तेथें राहिले. आंत काळोख आणि ऊब. वडिलांच्या घराच्या वांटणीवरून धाकट्या भावाशीं माझें बोलणें अकरा वर्षें बंद आहे. नेमकें तेंच मनांत आलें. अन्याय झाला. कोणावर? माझ्यावर. हा ‘मी’ कोणता? थोरला भाऊ? वारस? खटल्यांतील वादी? एकेक नांव गळत गेलें, आणि क्षणभर त्या अन्यायाला चिकटावयास जागाच उरली नाहीं. पण क्षणभरच. लगेच ‘मला हें साधलें!’ म्हणत दुसरा ‘मी’ येऊन बसला, आणि तो वादीपेक्षां अधिक लबाड होता.

या मार्गाचा मराठीशींही एक धागा आहे. महर्षींच्या सहवासांत राहिलेले पोलिश गृहस्थ मॉरिस फ्रीडमन पुढें मुंबईस निसर्गदत्त महाराजांकडे जाऊं लागले, आणि महाराजांच्या मराठी संवादांचें त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९७३ सालीं प्रसिद्ध झालें.

परत आल्यावर मीं भावाला पत्र लिहिलें. घराविषयीं त्यांत अक्षर नाहीं. त्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्याचें कानांवर आलें होतें. आतां दिसतें कसें, एवढेंच विचारलें. उत्तर अजून आलेलें नाहीं.