संगणकाची पाठ

धारच्या बाजारात काय किंवा देवासला एबी रोडलगत काय, एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर गेलेल्या माणसाला संगणकाची पुढची बाजू तेवढी दिसते. समग्र आयडी काढायला, परीक्षेचा फॉर्म भरायला, जातीच्या दाखल्यासाठी तो काउंटरपाशी उभा राहतो, अंगठा लावतो, पावती घेतो आणि निघतो. अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर, वेबकॅम, कीबोर्ड, इंटरनेट या सगळ्यांच्या वायरी मात्र टेबलाखाली जातात आणि खोक्याच्या पाठीमागे, मालव्याच्या बारीक धुळीत, एका पत्र्याच्या पट्टीवर येऊन भिडतात. संगणक ओळखायचा तर ही पट्टी वाचावी, असं माझं ठाम मत आहे. आतली चिप आपल्याला डोळ्यांनी काही सांगत नाही. पाठीवरचं प्रत्येक तोंड मात्र आपल्या आकारातूनच सांगतं, की इथे कोणी यायचं, कसं यायचं आणि कोणी यायचं नाही.

सुरुवात विजेपासून. एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, पंख्याशेजारी तीन पिनांचं सॉकेट असतं. तिथे लागणारी केबल काढ-घाल करता येते आणि तीच बहुतेक मॉनिटरांना, कित्येक प्रिंटरांनाही चालते. तिच्या दुसऱ्या टोकाचा, भिंतीत जाणारा प्लग हातात घेऊन पाहा. वरची अर्थिंगची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड आहे. त्यामुळे प्लग आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जातं आणि ओढताना सर्वांत शेवटी सुटतं. जुन्या इमारतींत हे अर्थिंग पुष्कळदा नावालाच असतं, आणि मग खोक्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. त्याचं कारण एसएमपीएसमधल्या फिल्टरमध्ये आहे. त्यातले छोटे कपॅसिटर विजेच्या तारांतला गोंगाट अर्थकडे वळवतात; अर्थच नसेल तर पत्र्यावर व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह थोडाच असतो, पण एखाद्या केबलच्या धातूच्या कडेतून तो जोडलेल्या यंत्रात शिरू शकतो. म्हणून नवा संगणक घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. हा खर्च टाळू नये.

पिनेची लांबी हा विचार इथेच थांबत नाही. यूएसबीच्या नेहमीच्या चपट्या प्लगमध्ये डोकावलं तर चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन लांब, मधल्या दोन आखूड. कडेच्या दोन पाच व्होल्टच्या विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. प्लग आत जाताना आधी बाहेरचं धातूचं कवच टेकतं, मग वीज येते, त्यानंतर माहितीच्या तारा जुळतात. चालू संगणकात पेन ड्राइव्ह बिनधास्त घालता येतो याचं मोठं श्रेय या ठरवून दिलेल्या क्रमाला आहे. वापरणाऱ्याच्या हाताला घाई असणार, हे करणाऱ्यांनी आधीच धरून चाललं होतं.

यूएसबीच्या आधी असं नव्हतं. प्रिंटरला पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट, मोडेमला नऊ पिनांचा सीरियल, आणि कीबोर्ड-माउसला १९८७ साली आयबीएमच्या पर्सनल सिस्टिम २ या संगणकांबरोबर आलेले पीएस/२ चे दोन गोल पोर्ट. या जोडगोळीकडे पाहिलं की मला हटकून देवास आठवतं. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार भावांची थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात नांदली: दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता, आणि या व्यवस्थेने तो चकित झाला होता. पीएस/२ चे दोन पोर्टही असेच, आकाराने तंतोतंत सारखे, पण एकाचं काम दुसऱ्याकडे होत नसे. शेवटी इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने नव्वदच्या दशकाअखेर रंग ठरवून दिले. कीबोर्डला जांभळा, माउसला हिरवा, मायक्रोफोनला गुलाबी, स्पीकरला पोपटी. आजच्या मदरबोर्डवर एखादाच गोल पोर्ट उरला असेल, तर तो बहुधा अर्धा जांभळा आणि अर्धा हिरवा असतो. देवासच्या दोन्ही पात्या १९४८ साली मध्य भारतात विलीन झाल्या. या दोन पोर्टांना एक व्हायला त्यानंतर बरीच वर्षं लागली.

यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या होत्या. इंटेलमधल्या गटात पुढाकार होता अजय भट्ट यांचा. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. प्लग उलटा लागतो आणि पुन्हा फिरवावा लागतो, ही जगभरची कुरकुर त्यांच्याही कानी आली. दोन्ही बाजूंनी लागणारा प्लग करायचा तर तारा आणि सर्किटं दुप्पट झाली असती, खर्च वाढला असता, आणि महाग वस्तू सगळीकडे पोचली नसती, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. चोवीस संपर्कांचा, कसाही लागणारा टाइप-सी २०१४ मध्ये आला, तोवर पहिल्या प्लगने आपलं काम केलेलं होतं.

अंगठ्याचं यंत्र पोर्टात घातल्यावर जे घडतं ते मला फार सुंदर वाटतं. यंत्र आधी एका छोट्या रेझिस्टरने माहितीची एक तार वर ओढून आपण आल्याची खूण देतं. मग संगणक विचारतो आणि यंत्र उत्तर देतं: माझा बनवणारा अमुक, माझा प्रकार अमुक, मला इतका प्रवाह लागेल. यूएसबी २ च्या नियमाप्रमाणे ही ओळख पुरी होईपर्यंत त्याने १०० मिलीअँपियरच्या वर जायचं नाही; परवानगी मिळाली की ५०० पर्यंत. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

आणि हे नियम कुणालाही वाचायला मिळतात. धारच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. त्यात पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी आहे, यांत्रिक द्वारपाल आहेत. पण यंत्रांची बांधणी पूर्ण सांगितलेली नाही, आणि ती अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी वगळली आहे, असं ग्रंथकार स्वतःच स्पष्ट करतो. अकराव्या शतकात विद्या राखायची रीत तशी होती. आज त्याच धारमधल्या कियोस्कवर एका देशातला संगणक, दुसऱ्यातला प्रिंटर आणि तिसऱ्यातलं अंगठ्याचं यंत्र एकमेकांना भेटतात, कारण पिनांची लांबी, व्होल्टेज आणि ओळख करून देण्याची रीत छापून सर्वांपुढे ठेवलेली आहे.

पडद्याचे पोर्ट थोडक्यात. निळा, पंधरा छिद्रांचा, बाजूला दोन स्क्रू असलेला व्हीजीए हाही १९८७ चा, आणि तो अजून पुष्कळ जुन्या मॉनिटरांवर आहे. त्यातून चढ-उतार होणारे संकेत जातात, एचडीएमआयमधून आकडे. म्हणून एचडीएमआयमधून व्हीजीएत जायला नुसती केबल पुरत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल खालच्या आडव्या पट्टीवर, कार्डालाच लावावी. वर मदरबोर्डच्या पोर्टात लावून ‘पडदा काळा आहे’ म्हणून खोका दुकानात आणणारे बरेच असतात. बिनतारी माउस अडखळत असेल तर त्याचा डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टातून काढून दूरच्या काळ्या पोर्टात घालून पाहा. यूएसबी ३ चा वेगवान संकेत माउसच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींत गोंगाट मिसळतो.

राहिला लॅनचा पोर्ट, ज्याच्यावाचून कियोस्क म्हणजे नुसती टाइपरायटरची खोली. त्याच्या दोन दिव्यांपैकी एक लुकलुकत असेल तर तारेतून काही ये-जा आहे. दोन्ही विझलेले असतील तर ‘सर्व्हर डाउन’ म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवण्याआधी वाकून प्लग दाबून बघावा. त्याची प्लॅस्टिकची जीभ मोडते आणि प्लग हळूच मागे सरकतो. नवा प्लग काही रुपयांत मिळतो आणि क्रिम्पिंगच्या पकडीने पाच मिनिटांत बसतो. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला वेगवेगळा पीळ, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीत मिसळत नाही. केबल १०० मीटरपर्यंत चालते. पीळ गरजेपेक्षा जास्त सोडवू नये. क्रम ज्याला-त्याला तोंडपाठ असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यात हिरवी जोडी फुटून निळीच्या दोन्ही अंगांना का बसली, हा प्रश्न शिकाऊ पोरं हमखास विचारतात. मधली जागा टेलिफोनच्या दोन तारांसाठी आधीपासून ठरलेली होती, आणि नव्या प्लगने ती तशीच ठेवली.